आठवड्याचे बारा तास: परदेशी शाळेतल्या भाषा-साहाय्यकाचं एक वर्ष

दर वर्षी सप्टेंबर सरता सरता साठेक देशांमधले साडेचार हजारांच्या आसपास तरुण-तरुणी बॅगा भरून फ्रान्सच्या वाटेला लागतात. भारतातून निवडल्या जाणाऱ्यांची संख्या थोडी असते, पण पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकलेल्या मुलामुलींना ही वाट ठाऊक असते. १ ऑक्टोबरला नेमणूक सुरू होते आणि ३० एप्रिलला संपते. काम आठवड्याला बारा तास, हातात पडणारं मानधन महिन्याला सुमारे ८०० युरो. हुद्दा 'असिस्टंट', म्हणजे भाषा-साहाय्यक. पूर्ण वर्गाची जबाबदारी त्याच्याकडे नसते, गुण देणं त्याच्याकडे नसतं. त्याने इंग्रजी बोलायचं आणि मुलांना बोलतं करायचं, एवढीच अपेक्षा.

अशीच माणसं जपानच्या मासेमारीच्या गावांत, स्पेनच्या प्राथमिक शाळांत, जर्मनीच्या गिम्नाझियममध्ये आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत सापडतात. देशागणिक नावं बदलतात, करार बदलतात, मानधन बदलतं. मूळ कल्पना एकच राहते. भाषा जिच्या तोंडी रुळली आहे अशी तरुण व्यक्ती वर्षभरासाठी शाळेत आणून ठेवायची.

या वर्षातून कोणाला काय मिळतं? सरकारं म्हणतात, देशादेशांत मैत्री वाढते. शाळा म्हणतात, मुलांचे कान तयार होतात. जाणारे म्हणतात, आयुष्य बदललं. तिन्ही दावे तपासून पाहण्याइतका अनुभव आता जगाकडे जमा आहे. १९०५ पासून धरला तरी १२० वर्षांचा. तो एकत्र ठेवून पाहिल्यावर मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. या योजना साहाय्यकाला ज्याच्यासाठी बोलावतात तो त्याचा उच्चार ही त्याची सगळ्यांत लहान देणगी आहे. मोठी देणगी मुलांच्या पदरात पडते की नाही, हे ठरतं त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या स्थानिक शिक्षकावर. आणि नेमका हाच माणूस बहुतेक योजनांच्या हिशेबात शेवटी येतो.

आवाजाची गरज

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शाळा जिवंत भाषासुद्धा लॅटिनसारख्या शिकवत. व्याकरणाचे नियम पाठ करायचे, शब्दांच्या याद्या घोकायच्या, वाक्यं उलटसुलट भाषांतरित करायची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या मराठी पिढ्यांना ही रीत वेगळी सांगायला नको. त्या रीतीने वाचता येई, लिहिता येई; समोर माणूस उभा राहिला की मात्र जीभ टाळूला चिकटे.

या रीतीविरुद्ध बंड झालं ते तीन-चार ठिकाणांहून. १८७८ मध्ये मॅक्सिमिलियन बर्लिट्झने अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स इथे शाळा काढली आणि शिकायच्या भाषेतच शिकवायचं, हे तत्त्व तिथे रुजलं. १८८२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म फिएटोरने भाषाशिक्षणाने उलट वळण घेतलंच पाहिजे, असं बजावणारी पुस्तिका लिहिली. १८८६ मध्ये पॉल पासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये जी संघटना उभारली तीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिवर्णमालेसाठी ओळखली गेली. १९०२ मध्ये फ्रान्सने आपल्या माध्यमिक शाळांत 'प्रत्यक्ष पद्धती' अधिकृतपणे आणली, म्हणजे इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलायचं.

तिथेच अडचण उभी राहिली. शिक्षक स्वतः जुन्या रीतीने शिकलेले होते. अनेकांनी इंग्लंडचा किनाराही पाहिलेला नव्हता. शाळांत ध्वनिमुद्रण पोचायला अजून अवकाश होता. त्यामुळे आवाज हवा असेल तर माणूस आणणं भाग होतं. १९०४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सचा स्नेहकरार झाला आणि १९०५ पासून दोन्ही देशांत साहाय्यकांची देवाणघेवाण सुरू झाली. शिक्षणातली गरज आणि परराष्ट्र धोरणाची सोय तेव्हा एका गाडीत बसली आणि आजवर ती सोबत सुटलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर या योजनेला समेटाचं रूप आलं. पश्चिम जर्मनीने १९५२ मध्ये शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. तिच्यामार्फत आजही साहाय्यक येतात-जातात. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे आडेनाउअर यांनी एलिझे करारावर सह्या केल्या, त्यातही एकमेकांची भाषा शिकवण्याला जागा मिळाली. तीन युद्धं लढलेल्या दोन शेजाऱ्यांच्या पोरांनी एकमेकांच्या वर्गात वर्षभर बसावं, यामागची कळकळ खरी होती.

विद्यापीठांत हेच काम करणाऱ्याला 'लेक्टर' म्हणत. १९२८ ते १९३० या काळात डब्लिनहून आलेला एक तरुण पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये इंग्रजीचा लेक्टर होता. त्याचं नाव सॅम्युएल बेकेट. पुढे त्याने आपली सर्वांत प्रसिद्ध नाटकं आधी फ्रेंचमध्ये लिहिली आणि मग स्वतःच इंग्रजीत आणली. त्याच संस्थेत १९५९ पासून जर्मनचा लेक्टर होता कवी पाउल सेलान. सगळेच बेकेट होत नाहीत. पण आपली भाषा शिकवायला गेलेल्या माणसाला दुसरी भाषा आतून बदलते, याचं याहून मोठं उदाहरण शोधावं लागणार नाही.

जपानचा मोठा प्रयोग

ही कल्पना सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली ती जपानने. १९७० च्या दशकाअखेरीस तिथे अमेरिकी आणि ब्रिटिश तरुणांसाठी दोन लहान योजना होत्या. १९८७ मध्ये त्या एकत्र करून 'जेट' कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले: अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. तेव्हा अमेरिकेशी व्यापारावरून जपानचे खटके उडत होते. मोटारी आणि टीव्ही विकणारा, पण स्वतःची दारं बंद ठेवणारा देश ही प्रतिमा पुसायची होती. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकॉनेल यांनी २००० साली या कार्यक्रमावर पुस्तक लिहिलं. वरून आखलेलं 'आंतरराष्ट्रीयीकरण' गावातल्या शाळेत उतरताना काय काय होतं, हे त्यात बारकाईने नोंदलेलं आहे.

२००२ मध्ये जेटमधल्या सहभागींचा आकडा सहा हजारांच्या वर होता. आजवर ७५,००० हून अधिक जण या कार्यक्रमातून जपानमध्ये राहून आले. त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त शाळांतले भाषा-साहाय्यक. करार एका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येणारा. पहिल्या वर्षाचा पगार बराच काळ ३३ लाख ६० हजार येन होता. २०२५ पासून तो ४० लाखांच्या वर गेला. युरोपातल्या मानधनाशी तुलना केली तर ही पूर्णवेळ नोकरीच आहे.

फरक पैशांपुरता नाही. युरोपात जाणारा साहाय्यक बहुधा त्या देशाची भाषा शिकलेला असतो आणि ती पक्की करायला जातो. जेटमध्ये शाळेच्या साहाय्यकाला जपानी येत असली पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे अनेकांचं पहिलं वर्ष मुकेपणात जातं. जेटच्या लोकांत एक वाक्य ठरलेलं आहे: प्रत्येकाची गोष्ट वेगळी. कोणाला गावातला एकुलता परदेशी म्हणून घरोघरी जेवायला बोलावतात. कोणी वर्षभर शिक्षकांच्या खोलीत टेबलाशी गप्प बसून राहतो. ही तफावत माणसांच्या स्वभावावर ढकलून मोकळं होता येत नाही. ती योजनेच्या बांधणीतच आहे, आणि तिचा धागा आपल्याला वर्गात नेतो.

वर्गातलं गणित

फ्रान्समधला करार घेऊ आणि हिशेब मांडू. सात महिने म्हणजे तीस आठवडे. मधल्या सुट्ट्या वजा केल्या तर साधारण तेवीस उरतात. आठवड्याला बारा तासिका. समजा, प्रत्येक तासिकेला अर्ध्या वर्गाचा बारा मुलांचा गट आणि प्रत्येक गट आठवड्यातून एकदा साहाय्यकाकडे येतो. तासिका ५५ मिनिटांची. त्यातला अर्धा वेळ मुलंच बोलली, हेही गृहीत धरू, जरी तसं क्वचितच घडतं. एका मुलाच्या वाट्याला तासिकेत दोन-सव्वादोन मिनिटं येतात. वर्षाचे मिळून तासभरही नाही.

एका मुलाला वर्षात तासभर बोलून इंग्रजी येत नाही. मग साहाय्यकाचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो तासभर आधीच्या आणि नंतरच्या तासांना जोडला गेला तरच. समजा, नेहमीच्या शिक्षकाने सोमवारी एखादा उतारा घेतला. बुधवारी साहाय्यकाने त्याच विषयावर मुलांशी वाद घातला. शुक्रवारी शिक्षकाने त्या वादात अडलेले शब्द पुन्हा फळ्यावर घेतले. मग ती दोन मिनिटं आठवडाभर पुरतात. अशी सांगड नसेल तर साहाय्यकाचा तास हा मुलांच्या लेखी मोकळा तास होतो. खेळ होतात, हसणं होतं आणि घंटा वाजते.

म्हणूनच साहाय्यकांच्या अनुभवांत दोन टोकं पुन्हा पुन्हा दिसतात. एका टोकाला शिक्षक त्याला धडा मोठ्याने वाचायला लावतो, मुलं त्याच्यामागून म्हणतात आणि तो जिवंत टेपरेकॉर्डर होऊन बसतो. दुसऱ्या टोकाला शिक्षक म्हणतो, 'हे बारा जण, ही खोली, बोल त्यांच्याशी', आणि निघून जातो. बावीस वर्षांच्या मुलाने सतरा वर्षांच्या बारा मुलांसमोर, कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय, करायचं काय? सुरुवातीच्या एक-दोन दिवसांच्या मार्गदर्शनात त्याला विमा आणि व्हिसाचे कागद समजावले जातात. वर्ग कसा धरायचा, हे समजायला तेवढा वेळ पुरत नाही.

चांगला मार्ग दोन्हींच्या मध्ये आहे. जपानमध्ये त्याला सांघिक अध्यापन म्हणतात: दोघांनी मिळून तास आखायचा, दोघांनी मिळून घ्यायचा. स्थानिक शिक्षकाला माहीत असतं, की आपल्या मुलांची जीभ कुठे अडते, कारण ती कधीकाळी त्याचीही तिथेच अडली होती. साहाय्यकाला माहीत असतं, की हे वाक्य बाजारात कोणी असं म्हणत नाही. दोन्ही ज्ञानं एका फळ्यासमोर आली की मुलांना मिळतं ते एकट्याकडून मिळण्यासारखं नसतं.

आणि इथे जपानचा एक धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. खर्च वाचवण्यासाठी तिथल्या अनेक नगरपालिकांनी जेटऐवजी खाजगी कंपन्यांकडून कंत्राटी साहाय्यक घ्यायला सुरुवात केली. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि मागणी आणखी वाढली. पण काही कंत्राटांचं स्वरूपच असं आहे, की साहाय्यक हा कंपनीचा माणूस ठरतो आणि शाळेतल्या शिक्षकाने त्याला थेट सूचना देणं कामगार कायद्यात बसत नाही. एकाच वर्गात उभ्या असलेल्या दोन शिक्षकांना मिळून तास आखता येऊ नये, यापेक्षा या योजनेचं मोठं नुकसान कल्पनेत येत नाही. साहाय्यक आला, पगार गेला, उच्चारही ऐकू आला. ज्यासाठी सगळा खटाटोप होता ती जोडणीच तुटली.

भाषा कोणाची?

भारतीय साहाय्यकाकडे आलं की एक जुना प्रश्न समोर येतो. इंग्रजी शिकवायला इंग्रजाघरचाच माणूस हवा का? दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांपुरता आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. १ जानेवारी २०१० रोजी भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार लागू झाला आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांसाठी साहाय्यक शिक्षक म्हणून एक दार किलकिलं झालं. व्यापारकरारात जकातीच्या याद्यांसोबत इंग्रजीच्या शिक्षकाचा उल्लेख यावा, यातूनच कळतं की 'मूळ भाषक' ही कल्पना भाषाशास्त्राइतकीच पासपोर्टची आहे.

रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये 'लिंग्विस्टिक इम्पिरिअलिझम' या पुस्तकात मूळ भाषकच आदर्श शिक्षक असतो या समजाला भ्रम म्हटलं. ब्रज कचरू यांनी त्याआधीच दाखवलं होतं, की भारतासारख्या देशांत इंग्रजीने स्वतःचं घर केलं आहे आणि त्या घराचे नियम लंडनहून येत नाहीत. फ्रान्सने आपल्या योजनेत भारतीयांना इंग्रजीचे साहाय्यक म्हणून घेतलं, हे या विचाराच्या बाजूने पडलेलं लहान पण ठाम पाऊल आहे.

वर्गात मात्र ते पाऊल रोज नव्याने टाकावं लागतं. मुलं विचारतात, तुम्ही घरी इंग्रजी बोलता का? मराठी साहाय्यकाचं खरं उत्तर लांबलचक असतं: घरी मराठी, गल्लीत हिंदी, महाविद्यालयात इंग्रजी आणि तुमच्याशी बोलायला शिकले ती फ्रेंच. फ्रान्समधल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या शाळेत घरी अरबी, वोलोफ, तुर्की किंवा पोर्तुगीज बोलणारी मुलं असतात आणि त्यांच्या त्या भाषेला शाळेत क्वचितच जागा मिळते. समोर उभी असलेली व्यक्ती चार भाषांत सहज वावरते आणि त्यांतली एकही लपवत नाही, हे त्या मुलांनी पाहणं हा इंग्रजीच्या तासाहून मोठा धडा आहे. भारतीय साहाय्यकाचं खरं बळ इथे आहे. पण निवडीच्या मुलाखतीत त्याला विचारलं जातं ते बहुधा उच्चाराबद्दल.

त्यात एक धोकाही आहे. दिवाळी येते आणि साहाय्यकाला 'भारत' दाखवायला सांगतात. पणत्या, साडी, ताजमहाल. पहिल्या वेळी त्यालाही आनंद होतो. तिसऱ्या वर्गात तेच चित्र दाखवताना आपण माणसापेक्षा प्रदर्शनातली वस्तू झाल्यासारखं वाटू लागतं. यातून बाहेर पडायचा रस्ता लहान गोष्टींतून जातो. एसटीचं तिकीट, लोकलचा नकाशा, खानावळीचा महिन्याचा हिशेब, शाळेच्या परिपाठाचा व्हिडिओ. ठाण्याहून चर्चगेटला जायचं असेल तर गाडी कुठे बदलायची, असा प्रश्न घातला की मुलं इंग्रजी बोलतात ती उत्तर हवं असतं म्हणून. देश असा दाखवला की तो शोभेचा राहत नाही; त्यात माणसं राहू लागतात.

बँक, भाडं आणि मुक्या संध्याकाळी

वर्गातले तास बारा. आठवड्याचे उरलेले तासच हे वर्ष घडवतात किंवा मोडतात. फ्रान्सला गेलेल्या प्रत्येकाला एक चक्रव्यूह भेटतो. घर भाड्याने घ्यायचं तर बँक खातं हवं, बँक खातं उघडायचं तर पत्ता हवा. घरमालकाला फ्रान्समधला जामीन हवा असतो, आणि नुकत्याच उतरलेल्या माणसाला तिथे जामीन राहणार कोण? पहिलं मानधन हाती येईपर्यंत महिना उलटतो. तोवरचा खर्च घरून न्यावा लागतो. आठशे युरोंत लहान गावात नीट राहता येतं, कधी शाळेच्या वसतिगृहात स्वस्त खोलीही मिळते. पॅरिसमध्ये मात्र एका खोलीचं भाडंच त्यातला बहुतेक भाग खातं. भाड्यासाठी सरकारी मदत मिळू शकते, पण तिचे कागद पुरे होईतो हिवाळा येतो.

हे सगळं बारीक तपशिलाने सांगण्याचं कारण आहे. या योजना मोकळ्या मनाच्या तरुणांसाठी असल्या तरी प्रत्यक्षात त्या पाठीशी थोडे पैसे असलेल्यांच्या होतात. तिकीट, व्हिसा, पहिल्या दोन महिन्यांचा खर्च उभा करू शकणाऱ्या घरातलं मूल जातं; लातूर किंवा चंद्रपूरच्या ज्या मुलीने तितकंच चांगलं फ्रेंच कमावलं आहे ती अर्जच करत नाही. पहिल्या दोन महिन्यांसाठी बिनव्याजी उचल मिळाली तर हे दार अनेकांना उघडेल, आणि त्याला फार मोठी रक्कम लागणार नाही.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. आठवड्याला बारा तास काम म्हणजे उरलेला वेळ मोकळा. लहान गावात संध्याकाळी सातला दुकानं बंद होतात आणि नोव्हेंबरात पाचलाच अंधार पडतो. सहकारी दुपारी जेवताना आपुलकीने बोलतात आणि मग आपापल्या घरी जातात. युरोपात कामाच्या माणसाला घरी बोलावणं हे आपल्यासारखं सहज नसतं. ती सहा महिन्यांनी येणारी पायरी असते, आणि सात महिन्यांचा करार संपत आलेला असतो. ज्यांनी गावच्या गायनवृंदात, फुटबॉल संघात, ग्रंथालयात किंवा मदतकेंद्रात नाव नोंदवलं त्यांचं वर्ष वेगळं गेलं, हे साहाय्यकांच्या कित्येक आठवणींत समान आहे.

आणि कधी नातं याहून खोल जातं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर जेटचे दोन अमेरिकी साहाय्यक मृत्युमुखी पडले. त्यांतल्या एकीच्या कुटुंबाने पुढे तिथल्या शाळांना पुस्तकं आणि ती ठेवायला कपाटं दिली. गावाने तिला आपली मानलं होतं, आणि तिच्या माणसांनी त्या गावाला.

अभ्यासकांना काय दिसलं

इथवरचं बरंच अनुभवातून आलेलं झालं. अभ्यासकांनी काय पाहिलं? परदेशी राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर अनेक वर्षं काम केलेल्या जेम्स कोलमन यांनी तीन वर्तुळांचं चित्र मांडलं. आत आपले देशबांधव, मधल्या वर्तुळात इतर परदेशी, बाहेरच्या वर्तुळात स्थानिक लोक. माणूस आतून बाहेर सरकतो, वेळ आणि धीर असेल तर. साहाय्यकाला एक फायदा मिळतो: त्याची शाळा त्याला पहिल्याच दिवशी बाहेरच्या वर्तुळात नेऊन उभी करते. तिथे तो टिकतो का, हा पुढचा प्रश्न.

साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या रोझामंड मिचेल आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच आणि स्पॅनिश शिकणाऱ्या ५६ ब्रिटिश विद्यार्थ्यांचा २१ महिने माग ठेवला. २०१७ मध्ये त्यावर पुस्तक आलं. कोणी साहाय्यक म्हणून गेले होते, कोणी विद्यापीठात शिकायला, कोणी कार्यालयात उमेदवारीला. भाषेतली प्रगती या प्रकारांवर फारशी अवलंबून दिसली नाही. माणसागणिक, त्याने जोडलेल्या लोकांगणिक ती बदलली. साहाय्यकपद म्हणजे भाषा आपोआप येण्याची हमी, ही समजूत इथे ढासळते. दिवसभर इंग्रजी बोलण्याचाच पगार मिळत असेल तर फ्रेंच कधी बोलणार, हा प्रश्न साधा पण बोचरा आहे.

तरीही एक वेगळा लाभ नोंदला गेला आहे. डरहॅम विद्यापीठातल्या जेफ ऑलरेड आणि मायकेल बायरम यांनी फ्रान्समध्ये साहाय्यक म्हणून राहून आलेल्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना दहा वर्षांनी पुन्हा गाठलं. सगळ्यांवर सारखा परिणाम झालेला नव्हता. पण ते वर्ष आपल्या घडणीतला टप्पा होता, असं मागे वळून पाहताना अनेकांना वाटत होतं. दोन समाजांच्या मध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला समजावून देण्याची सवय त्यांना तिथे लागली होती. पॉली बार्टन ही इंग्लंडमधली तरुणी जेटमधून सादो बेटावर इंग्रजी शिकवायला गेली आणि पुढे जपानी साहित्याची नावाजलेली अनुवादक झाली. तिच्या वर्गातल्या मुलांना किती इंग्रजी आलं, हे मोजता येणार नाही. तिच्यामुळे इंग्रजी वाचकांपर्यंत किती जपानी पोचलं, ते पुस्तकांच्या फळीवर दिसतं.

थोडक्यात ताळा असा: जाणाऱ्याचा फायदा बऱ्यापैकी पक्का, देशाचा फायदा सावकाश येणारा, मुलांचा फायदा अटीवर अवलंबून. आणि ती अट म्हणजे शेजारचा शिक्षक.

मराठीच्या वर्गात कोण येईल?

हा विषय आपल्याकडे नेहमी 'परदेशी जायची संधी' म्हणून येतो. त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते: मराठीसाठी असं कोणी येतं का, जातं का?

थोडं घडलं आहे. स्पुटनिकनंतर १९५८ मध्ये अमेरिकेने केलेल्या कायद्यामुळे तिथल्या विद्यापीठांत दक्षिण आशियाई भाषांना निधी मिळाला. शिकागो आणि पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी मराठी शिकवली गेली. फुलब्राइटच्या भाषा-साहाय्यक योजनेतून भारतीय तरुण नऊ महिने अमेरिकी विद्यापीठांत हिंदी, उर्दू, बंगालीसारख्या भाषा शिकवतात. मॉरिशसमध्ये शाळांत मराठी शिकवली जाते. आणि उलट दिशेने पाहिलं तर मॅक्सीन बर्नसन १९६६ मध्ये बोलीच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवली, आणि फलटणच्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी संस्था उभी केली. अभ्यासासाठीच्या मुक्कामाचं आयुष्यभराच्या कामात रूपांतर होतं ते असं.

देशाच्या आतही या कल्पनेची दोन रूपं आपल्याकडे आहेत आणि त्यांची चर्चा होत नाही. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. तिच्या पुण्यातल्या विभागीय केंद्रात इतर राज्यांतले नोकरीत असलेले शिक्षक दहा महिने राहून मराठी शिकतात आणि आपल्या शाळांत परत जातात. नवोदय विद्यालयांत नववीतली काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या विद्यालयात राहायला जातात. आपल्या जिल्ह्यातलं मूल वर्षभर उत्तरेत राहतं, तिथलं मूल आपल्याकडे. १९८६ पासूनच्या या शाळांनी युरोपच्या योजनेइतकंच धाडसी पाऊल टाकलं आहे.

२०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर मोठा वाद झाला आणि शासनाला आपले दोन निर्णय मागे घ्यावे लागले. कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, यावर पुष्कळ बोललं गेलं. भाषा वर्गात कोणाच्या तोंडून येणार, हा प्रश्न मागेच राहिला. कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा बंगाली ही भाषा आपल्या मुलांना पुस्तकातून भेटणार की धारवाडहून, बडोद्याहून वर्षभरासाठी आलेल्या तेवीस वर्षांच्या एखाद्या ताईकडून? आणि आपली मराठी बेळगावच्या पलीकडे कधी एखादा तरुण अशी सोबत घेऊन जाणार का?

असं काही सुरू करायचं ठरलं तर सुरुवात साहाय्यकापासून करू नये. आधी त्याच्या शेजारी उभा राहील असा शिक्षक निवडावा. त्याच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास दोघांच्या तयारीसाठी राखून ठेवावेत, लेखी आणि पगारी. राहायच्या खोलीची सोय पोचण्याआधी व्हावी, पहिल्या महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात मिळावेत. मुलाखतीत उच्चाराआधी विचारावं: तुम्हाला किती भाषा येतात आणि त्यांतल्या एखादीत तुम्ही कधी अडखळला आहात का? जो अडखळला आहे त्यालाच वर्गातल्या गप्प मुलाचं मौन ओळखता येतं.

यातल्या कुठल्याच गोष्टीला फार पैसा लागत नाही. लागतो तो दोन माणसांना एका टेबलाशी बसवण्याचा विचार. एकाने ही मुलं वर्षानुवर्षं शिकवली आहेत, दुसरा काल बॅग घेऊन उतरला आहे. मध्ये उद्याच्या तासाचा कागद आहे, आणि त्यावर दोघांचं अक्षर आहे. मुलांना मिळणारी ती दोन मिनिटं तिथेच ठरतात.